काचेच्या पेटीबाहेरचे आईबाप

१/
न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे उन्हाळ्यात जत्राच भरलेली असे. पाळणे, झुले, जादूचे प्रयोग, आणि त्यांच्याच रांगेत एक विलक्षण दालन. पंचवीस सेंटचे तिकीट काढून आत गेले की काचेच्या पेट्या दिसत. त्या पेट्यांत दिवस भरण्याआधी जन्मलेली, मुठीएवढी, जिवंत बाळे असत.

२/
आपल्याकडे 'बाळाला पेटीत ठेवलंय' हे वाक्य बोलताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ऐकणारा पुढचे विचारत नाही, फक्त 'किती दिवस झाले?' एवढेच म्हणतो. आजचा धागा त्या पेटीविषयी आहे. पण पेटीतल्या बाळापेक्षा पेटीबाहेर उभ्या असलेल्या आईबापांविषयी अधिक, आणि त्यातही अमेरिकेतील कृष्णवर्णीय आईबापांविषयी.

३/
प्रश्न आजचाच आहे, म्हणून आधी आजचे आकडे. २०२२ साली अमेरिकेत गोऱ्या मातांची ९.४ टक्के बाळे मुदतीआधी जन्मली, तर कृष्णवर्णीय मातांची १४.६ टक्के. त्याच वर्षी पहिला वाढदिवस न पाहताच गेलेली बाळे हजारी मोजली, तर गोऱ्यांत सुमारे ४.५ आणि कृष्णवर्णीयांत सुमारे १०.९. जगातील सर्वांत श्रीमंत देशात हे असे का? या 'का'ला गेली सव्वाशे वर्षे दोन उत्तरे दिली जात आहेत. एक उत्तर म्हणते, दोष रक्तात आहे. दुसरे म्हणते, दोष जगण्यात आहे. या दोन उत्तरांच्या भांडणाचा हा इतिहास.

४/
पेटीचा जन्म पॅरिसचा. स्तेफान तार्निए हे तेथील प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र त्यांनी पाहिले आणि तसलेच यंत्र बाळांसाठी करवून घेतले. १८८०च्या सुमारास ते पॅरिसच्या प्रसूतिगृहात वापरात आले. लाकडी खोके, खाली कोमट पाण्याचा साठा, वर काचेचे झाकण. अंडे आणि अर्भक, दोघांनाही आधी ऊब हवी, इतकी ती साधी कल्पना होती.

५/
तार्निए यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांना मात्र एक वेगळीच गोष्ट खुपू लागली. पेटीत जगलेली बाळे घरी नेण्यास काही माता फारशा उत्सुक नसत. आठवडेच्या आठवडे ज्याला कुशीत घेतले नाही, पाजले नाही, ते मूल परके वाटू लागे. म्हणून मातांनी रुग्णालयात यावे, अंगावर पाजावे, असा आग्रह त्यांनी धरला. पेटी बाळाला वाचवते, पण आईपासून तोडते, हे वैद्यकाच्या लक्षात इतक्या लवकर आले होते. पुढची सत्तर वर्षे बहुतेक रुग्णालयांनी ते विसरून टाकले, हा भाग निराळा.

६/
आता १८९६ हे वर्ष ध्यानात ठेवावे. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि त्यांचा एकमेकींशी वरकरणी काहीही संबंध नव्हता.

बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात पेट्यांतील जिवंत बाळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर लोकांना दाखवण्यात आली.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले. वाद रेल्वेच्या डब्याचा होता, पण त्या निकालाच्या आडोशाने शाळा, पाणवठे आणि रुग्णालयांचे वॉर्डही रंगाने विभागले गेले.

आणि फ्रेडरिक हॉफमन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचे अमेरिकी निग्रोंच्या 'वंशलक्षणां'वरील जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले.

७/
आधी बर्लिनच्या बाळांचे काय झाले ते पाहू. तेथील प्रदर्शनाशी मार्टिन कूनी या गृहस्थाचे नाव जोडलेले आहे. तो स्वतःला डॉक्टर म्हणवी, पण त्याच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा संशोधकांच्या हाती लागलेला नाही. १९०३ साली त्याने कोनी आयलंडवर आपले दालन उघडले आणि १९४३पर्यंत चालवले. चाळीस वर्षे! बाहेर आरोळ्या देऊन गिऱ्हाईक बोलावणारे पुरुष, आत पांढऱ्याशुभ्र गणवेशातील परिचारिका आणि बाळांना पाजणाऱ्या दाया.

८/
हे वाचून किळस वाटली तर ते स्वाभाविक आहे. मलाही प्रथम वाटली. पण त्या काळी बहुतेक अमेरिकी रुग्णालयांत अशा बाळांसाठी ना पेट्या होत्या, ना इच्छा. 'अशक्त' म्हणून जन्मलेले मूल निसर्गानेच टाकून दिले आहे, असे मानणाऱ्या सुप्रजननवाद्यांचा तो भरभराटीचा काळ. कूनी आईबापांकडून एक पैसाही घेत नसे. सारा खर्च तिकिटांतून निघे. आपण सुमारे आठ हजार बाळे स्वीकारली आणि साडेसहा हजार वाचवली, असे तो सांगे. हा आकडा त्याचा स्वतःचा आहे, तेव्हा तो तेवढ्याच विश्वासाने घ्यावा.

९/
आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ही की, कूनी बाळाचा वर्ण विचारत नसे. कोणत्याही वंशाचे, कोणत्याही थरातील बाळ त्याच्या पेटीत जागा मिळवू शके. जत्रेतील तमाशाने जे दार उघडे ठेवले, ते देशातील कित्येक प्रतिष्ठित रुग्णालयांनी कातडीचा रंग पाहून बंद ठेवले होते.

१०/
आणि आईबाप? बाळाच्या देखभालीत त्यांना हात लावू दिला जात नसे. मात्र कूनी मातांना एक सवलत देई: दालनात येण्याचा मोफत पास. आपलेच मूल पाहण्यासाठी प्रेक्षकांच्या रांगेत उभे राहायचे, फक्त तिकीट काढायचे नाही. बाळ पाच पौंडांचे झाले की ते घरी न्या म्हणून काही पालकांचे मन वळवावे लागे, अशीही नोंद आहे. ब्युदँ यांनी ओळखलेली भीती समुद्र ओलांडून आली होती.

११/
आता हॉफमन. जन्माने जर्मन, नोकरी प्रुडेन्शियल या अमेरिकी विमा कंपनीत. या कंपनीने १८८१ सालीच ठरवून टाकले होते की, कृष्णवर्णीय विमेदाराने हप्ता गोऱ्याइतकाच भरावा, पण मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांना रक्कम मिळावी दोन तृतीयांशच. काही राज्यांनी असा भेदभाव कायद्याने रोखू पाहिला, तेव्हा त्याला 'शास्त्रीय' आधार हवा होता. हॉफमनच्या पुस्तकाने तो पुरवला. मृत्यूचे तक्ते, क्षयाचे तक्ते, अर्भकांच्या मृत्यूचे तक्ते, आणि साऱ्यांचा एकच निष्कर्ष: कारण परिस्थितीत नाही, वंशात आहे, हा वंश हळूहळू नामशेष होणार.

१२/
आकडे खोटे नव्हते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कृष्णवर्णीय बाळे खरोखरच अधिक मरत होती. खोटी होती ती आकड्यापासून कारणापर्यंत मारलेली उडी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असे मला वाटते.

१३/
ती उडी पकडली विल्यम एडवर्ड बर्गहार्ट द्यु बॉइस या तरुण कृष्णवर्णीय विद्वानाने. (१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कला पत्र लिहून ज्यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांपुढील निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली, तेच हे द्यु बॉइस.) १८९७ साली हॉफमनच्या पुस्तकाचे परीक्षण करताना त्यांनी साधा प्रश्न विचारला. म्युनिकसारख्या युरोपीय शहरांतील मृत्युदरही एवढाच भयंकर होता. मग जर्मन वंशही नामशेष होणार काय? जर्मन लेखकाला हा प्रश्न बोचला असेल.

१४/
त्याच सुमारास द्यु बॉइस फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरत होते. कोण कोठे राहतो, काय कमावतो, पाणी कोठून आणतो, घरात किती माणसे, किती खोल्या. या पाहणीवरील त्यांचा ग्रंथ १८९९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकी समाजशास्त्राचा तो एक पायाभूत ग्रंथ मानला जातो.

१५/
आणि त्याच १८९९च्या मे महिन्यात, अटलांटा येथे, त्यांचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. पहिले अपत्य. दोन वर्षांचेही झाले नव्हते. शहरातील गोरा डॉक्टर कृष्णवर्णीय मुलासाठी धावून येईल याची शाश्वती नव्हती, आणि कृष्णवर्णीय डॉक्टर मोजकेच. पत्नी नीना आणि ते, दोघांनी मुलाचे शव रेल्वेने उत्तरेकडे, मॅसॅच्युसेट्समधील आपल्या गावी नेऊन पुरले. ज्या दक्षिणेत ते काम करीत होते, तेथील मातीत त्याला ठेवण्याची त्यांची इच्छा नव्हती.

१६/
बर्गहार्ट अपुऱ्या दिवसांचा नव्हता. तरी त्याला या धाग्यातून वगळणे मला जमले नाही. कृष्णवर्णीय बालमृत्यूचे तक्ते मांडणारा माणूस आता स्वतःच्या तक्त्यातील एका आकड्याचा बाप झाला होता. या मृत्यूवर त्यांनी लिहिलेला निबंध त्यांच्या 'सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकात आहे. ते पुस्तक १९०३च्या एप्रिलमध्ये आले, म्हणजे कूनीने कोनी आयलंडवर पेट्या मांडल्या त्याच वर्षी.

१७/
१९०६ साली अटलांटा विद्यापीठाच्या अहवालमालेत द्यु बॉइस यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर एक संपूर्ण खंड संपादित केला. त्याचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. लोकसंख्येची विभागणी वंशाऐवजी आर्थिक-सामाजिक स्थितीनुसार केली, तर वंशाचा मुद्दा जवळजवळ उरतच नाही. रशियातील गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरांत जेवढे अंतर आहे, तेवढे अमेरिकेतील काळ्या-गोऱ्यांतही नाही. अर्भके मरतात ती काळी म्हणून नव्हे. ओल धरलेली घरे, निकस दूध आणि कामावर परतावे लागणारी आई यांमुळे ती मरतात.

१८/
अहवाल निघाला, आणि कपाटात गेला. हॉफमनचे तक्ते मात्र विमा कंपन्यांच्या टेबलांवर कित्येक दशके राहिले.

१९/
दरम्यान पेट्या जत्रेतून रुग्णालयात आल्या. १९२२च्या सुमारास शिकागोत ज्युलियस हेस यांनी अकाली जन्मलेल्या बाळांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. कूनीशी त्यांचे सख्य होते. जंतुसंसर्गाच्या भीतीने नियम कडक: कमीत कमी स्पर्श, आईबाप काचेपलीकडे. इतर शहरांनी हाच कित्ता गिरवला. गोऱ्या आईलाही काच होतीच. कृष्णवर्णीय आईला काचेच्या आधी आणखी एक दार होते, आणि दक्षिणेत ते बहुधा बंद असे.

२०/
१९४६ साली हिल-बर्टन कायद्याने रुग्णालये बांधण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा खुला केला. या कायद्यात भेदभावाला मनाई होती, आणि त्याच कलमात पळवाटही होती: वेगळी पण समान सोय असेल तर चालेल. म्हणजे कृष्णवर्णीयांनी भरलेल्या करातून अशी रुग्णालये बांधली गेली, जेथे त्यांना तळघरातला वॉर्ड मिळे किंवा प्रवेशच मिळत नसे. कायद्याच्या एका ओळीत मनाई आणि मुभा दोन्ही बसवण्याचे हे कसब आपल्याला अपरिचित नाही.

२१/
लोक हात जोडून बसले नव्हते. मिसिसिपीत माऊंड बायू नावाचे गाव आहे. गुलामीतून सुटलेल्यांनी १८८७ साली ते वसवले. तेथे टॅबोर या कृष्णवर्णीय बंधुसंघाने सभासदांच्या वर्गणीतून १९४२ साली रुग्णालय उभे केले. कापसाच्या शेतात राबणाऱ्या बाईला समोरच्या दाराने आत येता येईल आणि तेथील डॉक्टर तिच्याच समाजाचा असेल, ही त्या प्रदेशात अपूर्व गोष्ट होती.

२२/
आता १९६३च्या ऑगस्टमध्ये या. राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि जॅकलिन यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे लवकर. वजन दोन किलोंच्या थोडे वर. फुप्फुसे पुरती उघडेनात. त्याला बॉस्टनला हलवले, अतिदाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवले. ३९ तासांनी तो गेला. जगातील सर्वांत बलाढ्य बाप त्या कक्षाबाहेर उभा होता आणि त्याला काहीही करता आले नाही.

२३/
ग्रीन्सबरो येथील जॉर्ज सिमकिन्स या कृष्णवर्णीय दंतवैद्याने सहकाऱ्यांसह हिल-बर्टनच्या पळवाटेविरुद्ध खटला भरला होता, आणि केनेडींच्या न्याय खात्याने त्यांच्या बाजूने त्यात उडी घेतली होती. पॅट्रिक गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९६३ रोजी, अपील न्यायालयाने 'वेगळे पण समान' ही तरतूद रुग्णालयांपुरती घटनाबाह्य ठरवली. त्याच महिन्यात केनेडींची हत्या झाली.

२४/
१९६४चा नागरी हक्क कायदा आला. तरी दारे उघडली ती पैशाने. १९६६च्या जुलैत वृद्धांसाठी मेडिकेअर योजना सुरू झाली आणि सरकारने बजावले की, वॉर्ड विभागलेले असतील तर दमडी मिळणार नाही. काही महिन्यांत हजाराहून अधिक रुग्णालयांनी रंगभेद सोडला. पुढील पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील कृष्णवर्णीय अर्भकांचे अतिसार आणि न्यूमोनियाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. वंश तोच होता, रक्त तेच होते, फक्त दार उघडले होते. द्यु बॉइस यांच्या म्हणण्याला साठ वर्षांनी मिळालेला हा पुरावा.

२५/
गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. अतिसाराचे बाळ दारातून आत घेतले की वाचते. पण बाळ मुदतीआधीच का जन्मते, याला रुग्णालयाचे दार पुरेसे उत्तर देत नाही. दोन गटांतील ती दरी तशीच राहिली.

२६/
पॅट्रिकच्या आजारावर औषध आले. फुप्फुसे मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ या बाळांत कमी असतो, हे १९५९ साली मेरी एलन ॲव्हरी यांनी दाखवले होते. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी तो बाहेरून देऊन बाळे वाचवली. १९९०पासून अमेरिकेत तो सर्रास वापरात आला. सेंट लुइस परिसरातील एका अभ्यासात मग विचित्र चित्र दिसले. अगदी कमी वजनाच्या गोऱ्या बाळांचे मृत्यू सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले, कृष्णवर्णीय बाळांचे जवळपास होते तेवढेच राहिले.

२७/
येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फुप्फुसांचा हा विशिष्ट आजार तेवढ्याच वजनाच्या गोऱ्या बाळांत अधिक आढळतो, म्हणून औषधाचा लाभही त्यांना अधिक झाला. म्हणजे शरीराशरीरांत फरक असतात. पण हा फरक कृष्णवर्णीय बाळांच्या बाजूचा होता! जन्मतः त्यांची फुप्फुसे थोडी अधिक तयार, आणि तरीही मृत्यू अधिक. हॉफमनच्या तर्कात हे कोठेच बसत नाही.

२८/
मग गरिबी? १९९२च्या एका अभ्यासात दोन्ही पालक महाविद्यालयीन पदवीधर असलेली कुटुंबेच घेतली. तरी अर्भकमृत्यू गोऱ्यांत हजारी ५.४ आणि कृष्णवर्णीयांत १०.२. या फरकाचे मुख्य कारण होते अत्यंत कमी वजनाने होणारे जन्म. १९०६चे द्यु बॉइस येथे अडखळले असते. शिक्षण आले, पैसा आला, तरी दरी उरलीच.

२९/
'पाहा, शेवटी रक्तच' असे म्हणणारे पुन्हा पुढे सरसावले. त्यांना उत्तर शिकागोतून मिळाले. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या दोन बालरोगतज्ज्ञांनी १९९७ साली इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासल्या. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३४४६ ग्रॅम. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३०८९. आणि आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या मातांच्या बाळांचे? ३३३३. रक्तात दोष असता, तर आफ्रिकेतून थेट आलेल्या मातांची बाळे सर्वांत हलकी भरायला हवी होती. ती गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ निघाली.

३०/
पाच वर्षांनी त्यांनी पुढची पिढी तपासली. अशा परदेशातून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मुली अमेरिकेत वाढल्या, त्यांना मुले झाली, आणि ती बाळे त्यांच्या आयांच्या जन्मवजनापेक्षा हलकी भरली. गोऱ्या स्थलांतरितांच्या घरांत उलट घडले. तेथे नातवंडे वजनदार झाली. एका पिढीत रक्त बदलत नाही. एका पिढीत बदलते ते जगणे. दुकानात पाठीमागे फिरणारा रखवालदार, घर भाड्याने नाकारणारा मालक, दुखते म्हटले तर भुवई उंचावणारा डॉक्टर. आर्लिन जेरोनिमस यांनी अशा सततच्या ताणाने शरीर अकाली झिजण्याला ऊनपावसाने झिजणाऱ्या वस्तूची उपमा देणारा शब्द १९९२ साली रूढ केला.

३१/
काचेचे काय झाले? १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे डॉक्टरांनी धाडस करून मातांना आत घेतले, बाळाला हात लावू दिला. संसर्ग वाढला नाही. हळूहळू इतरत्रही दारे उघडली. आज आई बाळाला उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसू शकते.

३२/
बसू शकते, पण तिला तेवढा वेळ हवा. १९९३च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकी पालकांना बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांतच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ साधारणपणे मूळ प्रसूतीच्या तारखेच्या आसपास घरी जाते. म्हणजे बारा आठवड्यांनी. रजा ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी बाळ घरी येते! म्हणून कित्येक माता प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत कामावर परततात आणि रजा बाळाच्या घरवापसीसाठी राखून ठेवतात. बिनपगारी रजा कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे पुन्हा त्या जुन्या रेषेवरच ठरते.

३३/
आणि पेट्या? २०१९ साली अमेरिकेतील शेकडो नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय बाळे मोजक्या विभागांत एकवटलेली आढळली, आणि त्या विभागांतील शुश्रूषेचा दर्जा तुलनेने कमी होता. दारावर पाटी नाही, कायदा नाही. कोण कोठे राहतो, कोणता विमा आहे, जवळचे रुग्णालय कोणते, एवढ्यावरच विभागणी होते. द्यु बॉइस फिलाडेल्फियात घरोघर हेच प्रश्न विचारीत होते.

३४/
या साऱ्यात एका मोठ्या गटाचा उल्लेख राहिला: दक्षिणेतील कृष्णवर्णीय सुईणी. रुग्णालयाचे दार बंद होते त्या काळात हजारो बाळंतपणे त्यांनी केली, अपुऱ्या दिवसांची बाळे चुलीशेजारी उबेत ठेवून जगवली, आणि दार उघडले तेव्हा त्यांनाच बाहेर काढण्यात आले. तो विषय एका पोस्टमध्ये मावणारा नाही. पुढचा धागा त्यांच्यावर.